लागर बिअरचे आस्वादन आणि परीक्षण : ज्ञानेंद्रियाधिष्ठित मूल्यमापनाची एक शिस्त

गोषवारा

चवीविषयीची विधाने व्यक्तिनिष्ठ असतात, त्यामुळे त्यांची शहानिशा करता येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात लागर या प्रकारच्या बिअरच्या, विशेषतः लहान निर्मात्यांनी तयार केलेल्या क्राफ्ट लागरच्या, परीक्षणाची पद्धत स्पष्ट करून या समजाची तपासणी केली आहे. लागरची निर्मितिप्रक्रिया, आस्वादनाचा क्रम, नेहमी आढळणारे दोष व त्यांची कारणे, गुणांकनाची रीत आणि मराठी शब्दसंपदेचा उपयोग या मुद्द्यांच्या आधारे, वर्णन आणि निवाडा यांची फारकत हाच योग्य परीक्षणाचा पाया आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : लागर, पिल्सनर, किण्वन, आस्वादन, परीक्षण, गंधदोष, शब्दसंपदा

१. प्रस्तावना

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण चवीच्या बाबतीत आपण सर्रास वापरतो. एकाला आवडलेली आमटी दुसऱ्याला अळणी वाटते आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, हे घरोघरी मान्य असते. परंतु एखादा पदार्थ विक्रीसाठी तयार होतो, त्यावर कोणाचा तरी उदरनिर्वाह अवलंबून असतो आणि त्याविषयी जाहीर मत दिले जाते, तेव्हा 'आवडले' किंवा 'आवडले नाही' एवढ्यावर थांबता येत नाही. मत कशाच्या आधारे दिले, हे सांगण्याची जबाबदारी मत देणाऱ्यावर येते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकाला ही जबाबदारी परिचित आहे. दहापैकी चार गुण का दिले, हे विचारल्यास त्याला सांगता आले पाहिजे.

बिअर हा विषय महाविद्यालयीन नियतकालिकात काहीसा अनपेक्षित वाटण्याची शक्यता आहे. परंतु आपल्या प्रयोगशाळांतील अनेक परिचित गोष्टी याच उद्योगाच्या आश्रयाने जन्माला आल्या. नायट्रोजनचे प्रमाण काढण्याची योहान केल्डाल यांची पद्धत (१८८३) आणि सॉरेन्सन यांची पीएच मोजपट्टी (१९०९) या दोन्ही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील आहेत. संख्याशास्त्रात 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेली लहान नमुन्यांसाठीची कसोटी डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांची आहे. पदार्थ तयार करणे आणि तो तपासणे ही दोन कामे या उद्योगात प्रारंभापासून बरोबरीने चालत आली.

मद्यपानाचे समर्थन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याच्या दृष्टीने पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. येथे अभ्यासाचा विषय आहे तो मूल्यमापनाची पद्धत.

२. लागर : संकल्पना व पूर्वपीठिका

बिअर मुख्यतः चार घटकांपासून तयार होते : पाणी, मोड आणून वाळवलेले सातू म्हणजे माल्ट, हॉप या वेलीची फुले आणि यीस्ट. माल्टमधून शर्करा व रंग मिळतो, हॉपमधून कडवटपणा व सुगंध मिळतो आणि यीस्ट शर्करेचे रूपांतर अल्कोहोल व कर्बवायूत करते. यीस्टची जात व किण्वनाचे तापमान यांनुसार बिअरचे एल आणि लागर असे दोन मोठे वर्ग पडतात. एलचे किण्वन साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानाला होते व यीस्ट फळांसारखे गंध निर्माण करते. लागरचे किण्वन साधारण ८ ते १३ अंशांवर, संथपणे होते आणि त्यानंतर ती शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे मुरवली जाते. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवून ठेवणे. या मुरवण्यावरूनच हे नाव पडले.

बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळ्यात बिअर बनवण्यास मनाई करण्यात आली. हिवाळ्यात बनवून थंड तळघरांत साठवण्याच्या प्रथेला त्यामुळे बळ मिळाले आणि थंडीत तग धरणारे यीस्ट तेथे स्थिरावले. हे यीस्ट म्हणजे दोन जातींचा संकर आहे. त्यांपैकी एक पावासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टची जात. दुसरी जात मात्र दीर्घकाळ सापडत नव्हती. २०११ मध्ये पॅटागोनियातील जंगलांत ती आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि पुढे तिबेट व आयर्लंड येथूनही तिची नोंद झाली. लागर यीस्टचे शुद्ध संवर्धन एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये कार्ल्सबर्ग येथे साध्य केले.

आज जगभर परिचित असलेल्या सोनेरी लागरचा उगम बोहेमियातील प्लझेन म्हणजेच पिल्सेन या गावी झाला. तेथील निकृष्ट बिअरला कंटाळून १८३८ मध्ये नगरसभेच्या इमारतीसमोर ३६ पिंपे ओतून देण्यात आली, असे सांगितले जाते. त्यानंतर नागरिकांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी उभारली व बव्हेरियातून योसेफ ग्रोल या निर्मात्यास पाचारण केले. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा केला. फिकट माल्ट, झाटेत्स परिसरातील सुगंधी हॉप, अत्यल्प क्षारांचे मृदू पाणी आणि बव्हेरियन यीस्ट यांच्या संयोगातून जी बिअर तयार झाली, तिच्यावरून 'पिल्सनर' हा प्रकार रूढ झाला. या शैलीचा प्रारंभच एका कठोर परीक्षणातून झाला, ही बाब लक्षणीय आहे. मात्र पिंपे ओतून देणे म्हणजे केवळ निवाडा. दोष कोणता व तो कशामुळे, हे त्यातून कळत नाही.

३. क्राफ्ट लागर आणि वेळेचे अर्थशास्त्र

लहान व स्वतंत्र मालकीच्या निर्मात्यांनी बनवलेल्या बिअरला क्राफ्ट बिअर म्हणण्याचा प्रघात अमेरिकेतून पसरला. तेथील निर्मात्यांच्या संघटनेच्या व्याख्येनुसार अशा निर्मात्याचे वार्षिक उत्पादन ६० लाख बॅरलपेक्षा अधिक नसावे व क्राफ्ट वर्गात न मोडणाऱ्या मद्यकंपनीचा त्यातील हिस्सा २५ टक्क्यांहून कमी असावा. अमेरिकेतील या चळवळीला लोकप्रियता मिळवून देणाऱ्या बिअरमध्ये १९८५ मध्ये बाजारात आलेली सॅम्युअल ॲडम्स बॉस्टन लागर ही ठळक होती. असे असूनही बहुसंख्य लहान निर्माते दीर्घकाळ एलकडेच वळले. त्याचे कारण आर्थिक आहे. एल साधारण दोन आठवड्यांत तयार होऊ शकते. लागरला चार ते आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक, टाकी अडकवून ठेवावी लागते. ज्याच्याकडे मोजक्याच टाक्या आहेत, त्याच्या दृष्टीने लागर म्हणजे निम्म्याहून अधिक उत्पादनावर सोडलेले पाणी होय.

महाराष्ट्रात पुणे येथे २००९ मध्ये दूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यानंतर ताज्या, स्थानिक बिअरची ओळख वाढली. भारतीय ग्राहक लागरशी अपरिचित मात्र नव्हता. कारखान्यांतून बाटलीबंद होणारी बहुतांश बिअर लागरच असते आणि तिच्यातही अधिक अल्कोहोलच्या 'स्ट्राँग' प्रकाराचा हिस्सा मोठा आहे. परिणामी लागर म्हणजे अतिथंड करून झटपट प्यावयाचे पेय, अशी समजूत रूढ झाली. क्राफ्ट लागरचे परीक्षण करताना ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते.

परीक्षणाच्या दृष्टीने लागरचे महत्त्व तिच्या साधेपणात आहे. गडद भाजलेल्या माल्टचा करपट स्वाद, भरपूर हॉपचा संत्रासालीसारखा दरवळ किंवा फळांचा गर यांच्या आड किरकोळ दोष लपू शकतात. लागरमध्ये अशी आडोशाची जागा नसते. साध्या वरणभातात जसा जळका वास तत्काळ कळतो, तसेच हे आहे.

४. परीक्षणाची पूर्वतयारी

परीक्षण कशाचे चालले आहे, हे प्रथम निश्चित करणे आवश्यक असते. बिअरचा ऱ्हास उष्णतेने वेगाने होतो. निर्मात्यांमध्ये एक ठोकताळा प्रचलित आहे : ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस यांत होणारा ऱ्हास जवळपास सारखाच असतो. हा ठोकताळा ढोबळ असला तरी त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात उघड्या मालमोटारीतून आलेली बाटली चाखून निर्मात्यास दोष देणे म्हणजे वाहतुकीचे परीक्षण निर्मात्याच्या नावावर मांडणे होय. म्हणून उत्पादनाचा दिनांक, बाटली, कॅन की पिंप, साठवणुकीची स्थिती आणि चाखण्याचे तापमान यांची नोंद परीक्षणाच्या प्रारंभीच असावी.

पेला स्वच्छ व स्निग्धतारहित असावा. तुपातेलाचा सूक्ष्म अंशही फेस मारतो. बिअर ओतल्यावर पेल्याच्या कडांना बुडबुडे चिकटून राहिल्यास पेला नीट धुतला गेलेला नाही, असे समजावे. बिअरचे तापमान साधारण ७ ते १० अंश असावे. बर्फासारख्या थंड बिअरमधून गंधद्रव्ये बाहेर पडत नाहीत व गुण आणि दोष दोन्ही झाकले जातात. परीक्षकाने अत्तर लावू नये, तसेच चाखण्यापूर्वी काही काळ धूम्रपान, पान-सुपारी, चहा व मसालेदार आहार टाळावा. प्रत्येक नमुना ५० ते ६० मिलिलिटर एवढाच घ्यावा आणि एका बैठकीत मोजकेच नमुने ठेवावेत. परीक्षक गुंगला की परीक्षण संपले. नमुन्यांची नावे झाकून त्यांना यादृच्छिक तीन अंकी क्रमांक देणे इष्ट असते. आपण उत्तरपत्रिकांवरील आसनक्रमांक झाकतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

५. आस्वादनाचा क्रम

प्रथम गंध घ्यावा, कारण अनेक गंधद्रव्ये ओतल्यानंतर अल्पावधीत उडून जातात. पेला नाकाजवळ नेऊन दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत व पहिला ठसा लगेच लिहून ठेवावा. घ्राणेंद्रिय थोड्याच वेळात त्या गंधाला सरावते आणि पुढील श्वासांतून कमी माहिती मिळते. पिल्सनरमध्ये ताज्या पावाचा किंवा बिस्किटासारखा माल्टगंध आणि हॉपचा गवताळ, फुलांसारखा अथवा किंचित मसालेदार गंध अपेक्षित असतो.

त्यानंतर दृश्य रूप पाहावे. फिक्या गवती छटेपासून गडद सोनेरी रंगापर्यंतची श्रेणी या शैलीत मान्य आहे. बिअर गाळलेली असल्यास ती नितळ असावी. फेस पांढरा, दाट व टिकाऊ असावा आणि प्रत्येक घोटानंतर पेल्याच्या आत त्याची जाळीदार वर्तुळे उमटावीत. ही जाळी माल्टमधील प्रथिने व हॉपमधील कडू द्रव्ये यांच्या संयोगाने तयार होते.

चव घेताना लहान घोट तोंडभर फिरवावा व त्यातील थोडा तरी गिळावा. जिभेचे टोक गोड व मागील भाग कडू चव ओळखतो, असा नकाशा पूर्वी पाठ्यपुस्तकांत असे. तो आता ग्राह्य धरला जात नाही. सर्व मूळ चवी जिभेच्या सर्व संवेदनशील भागांना कळतात. गिळण्याचे प्रयोजन वेगळे आहे. गिळल्यानंतर सोडलेल्या उच्छ्वासाबरोबर गंधद्रव्ये घशाच्या मागून नाकात पोहोचतात व ज्याला आपण 'स्वाद' म्हणतो, त्याचा मोठा भाग तेथे घडतो. सर्दी झाली असता जेवण बेचव लागते, हा सर्वांचा अनुभव याच कारणाने आहे.

कडवटपणा सावकाश चढतो, रेंगाळतो आणि घोटागणिक साचत जातो. म्हणून एका घोटावरून त्याविषयी मत देऊ नये. त्याचे मापन आयबीयू या एककात करतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू हॉपद्रव्य. परीक्षकांसाठीच्या २०२१ च्या बीजेसीपी शैलीसूचीनुसार म्युनिकच्या हेलेस लागरसाठी १६ ते २२, जर्मन पिल्ससाठी २२ ते ४० आणि चेक प्रीमियम फिकट लागरसाठी ३० ते ४५ आयबीयू अपेक्षित आहेत. तथापि आकडा म्हणजे अनुभव नव्हे. चेक लागरमध्ये माल्टचा गोडसर भरणा अधिक असल्याने ३८ आयबीयूही सौम्य भासू शकतात, तर रोडावलेल्या अंगाच्या लागरमध्ये ३० आयबीयू बोचतात. अखेरीस मुखस्पर्श नोंदवावा : बिअर पातळ की भरीव, कर्बवायूची चुरचुर कितपत, घोटानंतर तोंड स्वच्छ होते की चिकट राहते.

६. दोष आणि त्यांची कारणे

परीक्षकाचे खरे कौशल्य दोष ओळखण्यात व त्याचे कारण सुचवण्यात असते. लागरमध्ये वारंवार आढळणाऱ्या दोषांपैकी पाच येथे विचारात घेतले आहेत.

डायॲसिटिल या द्रव्यामुळे लोण्यासारखा वास येतो व जिभेवर ओशटपणा जाणवतो. लिटरमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणातही ते ओळखता येते. किण्वनात तयार होणाऱ्या एका पूर्वद्रव्यापासून ते यीस्टपेशींच्या बाहेर हळूहळू बनते आणि पुढे यीस्टच ते पुन्हा शोषून निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतरित करते. त्यासाठी किण्वनाच्या अखेरीस तापमान दोन-तीन दिवस १५ ते १८ अंशांपर्यंत चढवतात. घाई केल्यास पूर्वद्रव्य शिल्लक राहते व बाटलीबंद झाल्यानंतर वास उमटतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा निर्माता नमुना सुमारे ६० अंशांपर्यंत तापवून, थंड करून हुंगतो. लपलेला दोष असल्यास तो तेथेच उघड होतो आणि टाकी आणखी दोन दिवस थांबवता येते.

डायमिथाइल सल्फाइड या द्रव्याचा वास उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा असतो. त्याचे पूर्वद्रव्य सातूला मोड येताना तयार होते व फिकट माल्टमध्ये अधिक उरते. रस जोमाने, उघड्या वाफेवर उकळल्यास ते उडून जाते. उकळी मंद असल्यास किंवा त्यानंतर रस थंड करण्यास विलंब झाल्यास ते बिअरमध्ये राहते.

ॲसिटाल्डिहाइडचा वास हिरव्या सफरचंदाचा किंवा चिरलेल्या कच्च्या भोपळ्याचा असतो. बिअर पुरेशी मुरली नसल्याची ही नेहमीची खूण आहे.

प्रकाशदोष हॉपमधील कडू द्रव्यांवर रिबोफ्लेविनच्या साहाय्याने प्रकाशाची क्रिया होऊन उद्भवतो. त्यातून निर्माण होणारे गंधकयुक्त द्रव्य लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढे असले तरी नाकाला कळते. स्वच्छ काचेची बाटली उन्हात काही मिनिटे राहिली तरी हा दोष निर्माण होऊ शकतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी संरक्षण देते, हिरवी कमी देते.

ऑक्सिजनदोषामुळे भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. पावसाळ्यात ओल लागलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला असता जो वास येतो, त्याच्याशी त्याचे साम्य आहे. तो बाटली भरताना शिरलेल्या हवेमुळे व पुढील उष्ण साठवणुकीमुळे वाढतो.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. एखादा गंध दोष आहे की नाही, हे शैलीवर अवलंबून असते. चेक लागरमध्ये डायॲसिटिलचा अत्यल्प अंश चालतो. जर्मन पिल्समध्ये तो चालत नाही. लवंगेचा व केळ्याचा गंध बव्हेरियन गव्हाच्या बिअरचे भूषण असतो. लागरमध्ये तोच किण्वन बिघडल्याचे लक्षण ठरतो. म्हणून निर्मात्याने कोणती शैली योजली होती, हे जाणून न घेता दिलेला निवाडा म्हणजे ललित निबंधाला प्रमेयाच्या कसोटीवर गुण देणे होय.

७. शब्दांचा प्रश्न आणि मराठी

परीक्षणाची सर्वांत मोठी अडचण शब्दांची आहे. ती दूर करण्यासाठी मॉर्टेन मायलगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात बिअरच्या स्वादांचे एक चक्र तयार केले. त्यात स्वादसंज्ञांची १४ वर्गांत मांडणी केली असून अनेक संज्ञांशी एक संदर्भद्रव्य जोडले आहे. निर्दोष बिअरमध्ये ते द्रव्य ठरावीक प्रमाणात मिसळून परीक्षकाला शिकवले जाते. म्हणजे 'लोण्यासारखा' या शब्दाचा आधार कोणाच्या घरचे लोणी नसून मोजून मिसळलेले डायॲसिटिल असतो.

या व्यवस्थेचे महत्त्व भाषांतर करताना कळते. प्रकाशदोषाला इंग्रजीत स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीची उपमा देतात. हा प्राणी आपल्याकडे नाही. मराठी परीक्षकाने ती उपमा तशीच उचलल्यास तो न घेतलेला अनुभव सांगत असतो. याउलट लोण्याचा वास मराठी घरात इतका परिचित व प्रिय आहे की बिअरमध्ये तो आल्यास दोष म्हणून ध्यानातही न येण्याचा संभव आहे. शब्द स्थानिक असावेत, परंतु त्यांचे संदर्भद्रव्य सर्वत्र एकच असावे, हाच त्यावरील मार्ग दिसतो.

संदर्भाविना शब्द कसे सरकतात, याचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. आयुर्वेदातील षड्रसांमध्ये 'कटु' म्हणजे मिरी-सुंठीचा तिखट रस आणि 'तिक्त' म्हणजे कडुनिंबाचा कडू रस. मराठीत 'कटु'पासून आलेला 'कडू' हा शब्द मात्र कडुनिंबाच्या चवीला लागला. संस्कृत ग्रंथातील 'कटु' मराठी अर्थाने वाचणारा मिरीला कडू ठरवील.

दुसरीकडे मराठीची शब्दसंपदा या कामी सबळ आहे. नवशिके परीक्षक कडवटपणा आणि तुरटपणा यांत अनेकदा गल्लत करतात. कारले व जांभूळ खाऊन वाढलेल्या मराठी माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. हॉपचा कडवटपणा ही चव आहे, तर सातूच्या सालपटातून अतिरिक्त उतरलेला तुरटपणा हा तोंड आक्रसवणारा स्पर्श आहे. त्याचप्रमाणे खमंग, करपट, धुरकट, आंबूस, कुबट, खवट, हिरवट, उग्र ही विशेषणे निरनिराळ्या गंधानुभवांना नेमकी लागू पडतात. 'खवट' हा शब्द बिघडलेल्या स्निग्ध पदार्थासाठी व 'कुबट' हा ओलसर कोंदटपणासाठी राखून ठेवला, तर जुन्या लागरचे वर्णन 'कुबट' असेच होईल. 'छान', 'भारी', 'दर्जेदार' यांसारखे शब्द मात्र वर्णन करत नाहीत. ते परीक्षकाची प्रसन्नता तेवढी कळवतात.

८. गुणांकन व त्याची विश्वसनीयता

१९८५ मध्ये सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक प्रमाणन उपक्रमाची ५० गुणांची पत्रिका सर्वत्र परिचित आहे. तीत गंधास १२, दृश्य रूपास ३, स्वादास २०, मुखस्पर्शास ५ आणि एकूण परिणामास १० गुण असतात. रंग व फेस डोळ्यांत भरतात, तरी त्यांना केवळ तीनच गुण आहेत, हे सूचक आहे. परीक्षकाची वैयक्तिक पसंती फार तर शेवटच्या दहा गुणांत डोकावू शकते. उर्वरित चाळीस गुणांसाठी त्याला आधार दाखवावा लागतो.

तरीही व्यक्ती-व्यक्तींतील फरक राहतोच. फिनाइलथायोकार्बामाइड हे द्रव्य काहींना अतिशय कडू, तर काहींना बेचव लागते व हा भेद आनुवंशिक आहे, हे १९३१ पासून ज्ञात आहे. डायॲसिटिल ओळखू न शकणारे परीक्षकही असतात. त्यामुळे एका जिभेवर न विसंबता समूहाने चाखणे श्रेयस्कर ठरते.

दोन नमुन्यांत खरोखरच फरक आहे का, हे ठरवण्यासाठी त्रिकोणी चाचणी वापरतात. १९४० च्या दशकात तिच्या विकासात कार्ल्सबर्गचा वाटा होता. परीक्षकापुढे तीन पेले ठेवतात. दोन एकाच बिअरचे व एक वेगळा. वेगळा पेला कोणता, एवढेच त्याने सांगायचे. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता एक तृतीयांश असते. म्हणजे १२ परीक्षकांपैकी सरासरी चौघे काहीही न कळता बरोबर ठरतील. पाच टक्के सार्थकता पातळीवर फरक मान्य करण्यासाठी किमान ८ जणांची उत्तरे बरोबर यावी लागतात. सात पुरेशी नाहीत. 'आम्हा सगळ्यांना फरक जाणवला' या विधानाची अशी तपासणी होऊ शकते.

९. परीक्षणलेखन : एक उदाहरण

पद्धतीचा फरक स्पष्ट व्हावा म्हणून चेक शैलीच्या एका कल्पित लागरची दोन परीक्षणे पुढे दिली आहेत.

पहिले : 'दिसायला आकर्षक, पण चवीत दम नाही. काहीशी जुनाट वाटली. यापेक्षा बाजारातील नेहमीची बिअर बरी.'

दुसरे : 'भरल्यानंतर अकरा आठवड्यांनी, ८ अंशांना, बाटलीतून. साठवणुकीची माहिती उपलब्ध नाही. गंधात पावासारखा माल्ट मध्यम, हॉप मंद. ऊब चढल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा कुबटपणा स्पष्ट. रंग गडद सोनेरी, नितळ. फेस दाट, तीन मिनिटांहून अधिक टिकला. चवीत आरंभी गोडसर भरणा, कडवटपणा मध्यम व स्वच्छ, तुरटपणा नाही. लोण्याचा अथवा मक्याचा वास नाही. मुखस्पर्श भरीव. किण्वन व उकळी यांत दोष दिसत नाही. बाटली भरताना शिरलेली हवा किंवा उष्ण साठवण यांची तपासणी व्हावी. त्याच घाण्याची, ब्रुअरीत थंड ठेवलेली बाटली चाखल्यावरच अंतिम गुण देता येतील.'

दोन्ही परीक्षकांना बिअर जुनी वाटली आहे. अनुभवात फारसा फरक नाही. पहिल्याने ग्राहक परतवले, परंतु निर्मात्याच्या हाती काही दिले नाही. दुसऱ्याने सहा आठवड्यांच्या श्रमांपैकी काय टिकले व काय कोठे बिघडले असावे, ते वेगळे करून दाखवले. तसेच आपले विधान चुकीचे ठरवण्याची सोयही त्याने ठेवली आहे : थंड ठेवलेल्या बाटलीतही तोच वास आल्यास दोष साठवणुकीचा नाही, भरणीचा आहे. ज्या निर्मात्याकडे चार टाक्या आहेत व त्यांपैकी एक दीड महिना अडकलेली आहे, त्याच्यासाठी या दोन परीक्षणांतील अंतर व्यवसाय सुधारणे आणि तो बंद करणे यांतील अंतर ठरू शकते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, चवीची पसंती व्यक्तिनिष्ठ असली तरी चवीचे वर्णन संदर्भद्रव्य, नियंत्रित परिस्थिती व समूहचाचणी यांच्या आधारे तपासता येते. दुसरा, लागरमध्ये दोष झाकणारे घटक अल्प असल्याने परीक्षकाच्या प्रशिक्षणासाठी ती विशेष उपयुक्त आहे. तिसरा, मराठीत गंध व चव यांच्या नेमक्या संज्ञा पुरेशा आहेत. त्या निश्चित द्रव्यांशी जोडण्याचे काम अन्नतंत्रज्ञान, रसायनशास्त्र आणि भाषा या विभागांनी एकत्र येऊन करण्यासारखे आहे. त्यासाठी बिअरच हवी असेही नाही. काकवी, कोकम सरबत किंवा ताक यांपासूनही प्रारंभ करता येईल. चौथा, वर्णन आधी व निवाडा नंतर हा क्रम पाळल्यास परीक्षण निर्मात्यास न्याय देते आणि वाचकास उपयोगी पडते.

वर्षातून दोनदा गुणपत्रिकांवर स्वाक्षरी करणाऱ्या आपणां सर्वांना या क्रमाचे महत्त्व निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. उत्तरपत्रिकेच्या समासात केवळ आकडा लिहिलेला असतो, तेव्हा विद्यार्थ्याला आपण नापास झालो एवढेच कळते. पुढच्या वेळी काय वेगळे करायचे, ते कळत नाही.